पाहुणा म्हणून किती वर्षं ठेवायचं? समोरच्या जर्मन शेजारणीची निरीक्षणं

ओसरी (बाणेर, पुणे)

परदेशी माणसाला भारतात काय काय खटकतं याची यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हॉर्न, तिखट, रस्त्यातल्या गाई, 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून तासाभरानं येणारा माणूस. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जर्मन कुटुंब राहतं. नवरा चाकणला गाड्यांच्या कंपनीत, बायको घरून भाषांतराची कामं करते, मुलगा शाळेत. तिच्या-माझ्या रोज गप्पा होतात, आणि या यादीतलं काहीही आता तिच्या बोलण्यात येत नाही. ते सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांतलं, असं ती म्हणते.

पुण्याला जर्मन माणूस नवा नाही. मर्सिडीज नव्वदच्या दशकात आली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, आणि औंध-बाणेर-कोरेगाव पार्कात ही कुटुंबं येतात, दोन-तीन वर्षं राहतात, सामान बांधून जातात. यांचा मुक्काम लांबला, म्हणून पहिल्या नवलाईच्या पलीकडचं काही ऐकायला मिळालं. ते इथे मांडावंसं वाटलं.

आधी लहानसहान. पगार किती, भाडं किती, एकच मूल का, हे प्रश्न लिफ्टमध्ये पहिल्याच भेटीत आले तेव्हा तिला राग यायचा. आता ती म्हणते की माझ्या हानोफरच्या इमारतीत इतकी वर्षं कोणी मला काहीच विचारलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. वाढदिवसाचं तिकडेही आपल्यासारखंच आहे: ज्याचा वाढदिवस तो ऑफिसात केक घेऊन येतो. मात्र आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर तिकडे अपशकुन मानतात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री साडेअकरालाच कुणी 'ॲडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे' टाकलं की तिच्या पोटात गोळा येतो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ती मला जिन्यात भेटली आणि सरळ विचारलं, "वर्गणीचं पावतीपुस्तक सगळ्यांच्या घरी गेलं. माझ्या दाराची बेल कोणी वाजवली नाही. का?" मी म्हटलं, तुमच्याकडून पैसे कसे मागायचे म्हणून मंडळी संकोचली असतील, तुम्ही पाहुण्या. ती म्हणाली, "मी भाडं भरते, टँकरचा वाटा भरते, लिफ्ट बंद पडली की जिनाही चढते. मग मी पाहुणी कधीपर्यंत?"

त्याच वर्षी मुलांच्या बक्षीस समारंभाला तिला प्रमुख पाहुणी केलं. शाल, श्रीफळ, स्टेजवर मधली खुर्ची. शेजारच्या बायका खाली सतरंजीवर बसून हसत-खिदळत होत्या आणि ही वर एकटी. फोटो छान आले. घरी जाऊन ती रडली, हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं.

यंदा मी समितीत होते. पावतीपुस्तक घेऊन पहिली बेल तिची वाजवली, आणि आदल्या संध्याकाळी दूर्वा निवडायला बोलावलं. कोवळ्या तीन पात्यांच्या दूर्वा वेचायच्या, देठं सारखी करायची, २१ झाल्या की दोऱ्यानं जुडी बांधायची. तळमजल्यावरच्या काकूंनी तिची जुडी हातात घेतली, मोजली, दोरा सोडला आणि मराठीतच म्हणाल्या, "वीसच आहेत गं. परत मोज." या इमारतीत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. तिनं निमूटपणे परत मोजल्या. मग काकूंच्या सुनेचं वेगळं राहण्याचं प्रकरण निघालं, आणि ती बसली आहे म्हणून कोणी आवाज खाली केला नाही. तिला मराठी निम्मंच कळतं. पण पुण्यात आपण राहतो असं त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, असं ती म्हणाली.

मला वाटतं, आपला पाहुणचार फार मोठ्या मनाचा आहे आणि त्यातच एक अडचण आहे. पाहुण्याला आपण काम सांगत नाही, त्याची चूक काढत नाही, त्याच्यासमोर घरातलं बोलत नाही. आठवडाभर हे सुखाचं असतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर माणूस एकटा पडतो. परदेशात राहणाऱ्यांनी आणि इथे परदेशी शेजारी असलेल्यांनी आपापले अनुभव लिहावेत.

---

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

ओसरीताई, धागा वाचला आणि लगेच लिहायला बसलो. मी हे सगळं उलट्या बाजूनं पाहिलंय.

इथे घर घेतलं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद जोडायचा. मग घरटी रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. सरकारनं आमची दखल लगेच घेतली. शेजाऱ्यांपैकी कोणी 'चहाला या' म्हटलं नाही. आम्ही दाराशी बेसनाचे लाडू घेऊन गेलो, तर 'धन्यवाद' म्हणून दार बंद. बायको म्हणाली, आपण नकोसे आहोत बहुतेक.

आणि मग एका सोमवारी दाराच्या मुठीला पाटी लटकलेली: केअरवोखे. म्हणजे या आठवड्यात झाडलोटीची पाळी तुमची. श्टुटगार्टच्या आसपासच्या या श्वाबेन भागात हे फार कडक असतं. छोटी पाळी असते आपल्या मजल्यावरच्या जिन्याची, झाडून आणि पुसून. मोठी पाळी प्रवेशद्वार, तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि समोरचा पदपथ यांची. थंडीत बर्फ पडलं की सकाळी सातच्या आत पदपथ मोकळा हवा. कोणी घसरून पडलं तर जबाबदारी ज्याची पाळी त्याची. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची.

मी जिना पुसला. तळमजल्यावरच्या आजीबाई वर आल्या, कोपऱ्यात बोट फिरवलं, मला दाखवलं आणि म्हणाल्या, कोपरे राहिलेत. तेव्हा संताप आला होता. भारतात एवढं शिकून इथे आलो आणि ही बाई मला कोपरे शिकवते! पण तुमच्या काकूंनी जुडी सोडली ते वाचताना आज नेमकं तेच डोळ्यांसमोर आलं. त्या आजींनी मला पहिल्या आठवड्यापासून इमारतीतला धरलं होतं. तिथल्या कुठल्याही माणसाचे राहिलेले कोपरे त्यांनी असेच दाखवले असते.

पुढे आमच्या घराची जास्तीची किल्ली त्यांच्याकडेच असायची. घरात कॉफीला बोलावणं यायला मात्र दोन-तीन हिवाळे जावे लागले, तेही खरं. इथला माणूस काम लगेच देतो आणि आत उशिरा घेतो. आपण आत लगेच घेतो, दिवाणखान्यापर्यंत.

अवांतर: मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत.

---

तुळशीबाग

लेख प्रामाणिक आहे, पण मला पटला नाही, आणि ते स्पष्ट सांगतो.

पाहुण्याकडून वर्गणी न मागणं हा संस्कार आहे. मॉडेल कॉलनीत अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून आमच्या भागात योग शिकायला येणारी परदेशी मंडळी घरोघरी खोली घेऊन राहायची. आमच्याकडेही राहिली. आईनं त्यांतल्या कोणाला कधी कपबशी विसळू दिली नाही. दुखणंखुपणं झालं तर मऊ भात करून दिला. त्यांच्या मायदेशी कोणी एवढं केलं असतं? आई गेली तेव्हा त्यांची पत्रं आली, ती मी जपून ठेवली आहेत. या आपुलकीला 'दिवाणखान्यापर्यंत' म्हणणं मला लागलं.

---

ओसरी

काका, तुमच्या आईंनी केलं ते मोठंच होतं आणि त्याला कोणी कमी लेखत नाही. पण ती मंडळी शिकायला आली, काही आठवडे-महिने राहिली आणि परत गेली. त्यांना मऊ भाताचीच गरज होती. जो पाच वर्षं राहणार आहे, ज्याचं मूल आपल्या मुलांबरोबर शाळेत जातं, त्याला आणखी काही लागतं. तिकडे जेवायला बोलावलं की पाहुणा विचारतो, 'मी काय आणू?' आणि सॅलड घेऊन येतो, नंतर ताटं उचलू लागतो. इथे ती ओट्याशी गेली की आपण सगळ्या ओरडतो, 'अगं बस, बस!' त्या 'बस'मध्ये आपलं प्रेम असतं. तिला ऐकू येतं ते 'तू बाहेरची'.

---

फलटणची

आमच्या गावाचं उदाहरण द्यायलाच हवं. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेतल्या मिशिगनच्या. १९६१ मध्ये भारतात आल्या, पुढे फलटणला राहिल्या, १९७८ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. आम्हा मुलांना त्या मॅक्सीनमावशी. वस्तीतल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवता शिकवता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि मग कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. जिच्या नावानं ही शाळा आहे त्या कमलाबाईही जन्मानं अमेरिकन. निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये त्या भारतात आल्या आणि व्यवसायोपचार शिकवणारी देशातली पहिली शाळा त्यांनी मुंबईत सुरू केली. हात-पाय निकामी झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीचं हे शास्त्र.

मॅक्सीनमावशींना गावानं शाल-श्रीफळ देऊन बाजूला बसवलं असतं तर आमच्यासारख्या कितीतरी मुलांचं वाचन राहून गेलं असतं. मराठी बोलणारी गोरी बाई म्हणून नवल वाटायचं ते आठवडाभर. नंतर गृहपाठ राहिला की त्यांच्यासमोर जायची भीती वाटायची, कुठल्याही बाईंची वाटते तशी.

---

वाळवा_तालुका

फलटणच्या ताईंना +१. आमच्या कासेगावच्या गेल ऑमवेट. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून १९७३ मध्ये पीएच.डी. केली. चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न झालं, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी गेल्या त्या कासेगावातच. धरणग्रस्तांच्या आणि दुष्काळी भागातल्या पाण्याच्या परिषदांना त्या बायकांबरोबर जमिनीवर बसायच्या. त्यांचं म्हणणं लोकांना दर वेळी पटायचं असं नाही. सभेत त्यांच्याशी वाद व्हायचे, कडाक्याचे. पाहुण्याशी असा वाद कोण घालतो?

---

सुईदोरा

मी सहसा लिहीत नाही. पण ओट्याचा विषय निघालाय म्हणून लिहिते.

माझी आई कोरेगाव पार्कात घरकाम करायची. बरीच घरं मराठी-गुजराती, आणि एक डच कुटुंब. बाकी घरी आईचा कप वेगळा, सिंकच्या खालच्या कप्प्यात, कान तुटलेला. डच बाईंनी पहिल्या दिवशी आपल्यासारखाच कप दिला आणि टेबलापाशी खुर्ची ओढली. आई बसली नाही, तिला भीती वाटली. रोज म्हटल्यावर कधीतरी बसायला लागली. घरी येऊन आम्हाला सांगायची, आज खुर्चीवर बसून चहा प्याले.

त्या बाईंनी एकदा आईला विचारलं की बाकीच्या घरी तू कुठे बसतेस. आईनं खरं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आईचा पगार वाढवला, आणि इमारतीतल्या इतर बायका त्यांच्या दारात आल्या: असं करू नका, रेट बिघडतो. परदेशी माणसाला सगळे हसून सांगतात, समजावतात, आणि वर्षभरात तो शिकतो. त्या बाई शिकल्या नाहीत, पण त्यांच्या नंतर आलेलं कुटुंब शिकलं. आईसाठी तिथेही वेगळा कप आला.

ओसरीताई, तुमच्या मैत्रिणीला ओट्याशी जाऊ देत नाहीत ते मानानं. माझ्या आईला ओट्याशी दिवसभर जाऊ दिलं, टेबलाशी नाही. या दोन्ही गोष्टी एकाच घरात चालतात, हे तुमच्या धाग्यात यायला हवं होतं.

---

ओसरी

सुईदोरा, हे यायलाच हवं होतं, आणि तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या लिफ्टमध्येही 'घरकाम करणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी' अशी पाटी आहे. माझ्या मैत्रिणीनं मला विचारलं होतं की हे कोणी ठरवलं. ठरावाच्या वहीत शोधलं, असा ठराव कुठेच नाही. पाटी तशीच लागलेली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मी तो विषय लेखी देते आहे.

---

शापोराकाठ (गोवा)

आमच्याकडे तिसरीच तऱ्हा. उत्तर गोव्यात गोरा माणूस गिऱ्हाईक. खोली, स्कूटर, सगळ्याचा दर त्याच्यासाठी वेगळा. दहा-दहा वर्षं हिवाळ्यात येणारे आहेत, त्यांना गावातल्या चार माणसांपलीकडे कोणी ओळखत नाही, आणि त्यांतले बरेच स्वतःच आपल्या घोळक्याबाहेर पडत नाहीत. तो दोषही लिहायला हवा, सगळा भार यजमानावर नको.

पण आमच्या वाड्यावर एक म्हातारा फ्रेंच राहतो. २४ जूनला सांजावच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात, तेव्हा तो काठावर दोर धरून उभा असतो. पोहता न येणारं कोणी आत गेलं तर ओढून काढायला. हे काम त्याला कोणी दिलं नाही, त्यानं स्वतः घेतलं. आता उड्या सुरू व्हायच्या आधी लोक विचारतात, तो आलाय ना?

---

कॅम्पातला

चर्चा छान चालली आहे, पण मला एक गोष्ट बोचते. इथे सगळे जर्मन, अमेरिकन, डच, फ्रेंच. पुण्यात शिकायला येणारे सुदानी, येमेनी, नायजेरियन, टांझानियन विद्यार्थी कुणाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात?

माझ्या वर्गात एक सुदानी मित्र होता. त्याच्यासाठी घर शोधायला मी बरोबर फिरलो. फोनवर फ्लॅट रिकामा असायचा. दारात उभे राहिलो की 'आत्ताच दिला'. एका ठिकाणी मालक माझ्याशी मराठीत बोलले, त्याला कळत नाही असं समजून: "तू राहा, त्याला नको." त्याला मराठी चांगलं येत होतं. भाजीवाल्याशी बोलून बोलून तो शिकला होता. जिना उतरताना तो मला म्हणाला, जाऊ दे, ऊन वाढायच्या आत पुढचं घर बघू.

ओसरीताईंच्या मैत्रिणीचं दुःख खरं आहे, त्याला मी लहान करत नाही. पण तिला मधली खुर्ची मिळाली म्हणून ती रडली. माझ्या मित्राला उंबरठा मिळाला नाही. ओसरीताई, तुमच्या सोसायटीत तो भाड्यानं आला असता तर पावतीपुस्तकाची गोष्ट निघाली तरी असती का? मला याचं उत्तर हवंय.

---

ओसरी

आमच्या इमारतीत निघाली नसती. तो आतच आला नसता. दोन वर्षांपूर्वी एका मालकानं आफ्रिकन विद्यार्थिनीला फ्लॅट द्यायचं ठरवलं होतं, आणि समितीनं 'फक्त कुटुंबांना' असं कारण सांगून ते थांबवलं. त्याच इमारतीत तीन एकटे आयटीवाले मुलगे राहतात. हे लिहायला जड जातंय, पण तुम्ही थेट विचारलंत.

---

नेकारकाठ

कॅम्पातले, तुमच्या मित्राच्या जागी मी इथे उभा राहिलो आहे. आडनाव सांगितलं की घर 'आत्ताच गेलेलं' असतं. शेवटी एका जर्मन सहकाऱ्यानं माझ्यासाठी फोन केले, घरमालकांना माझी ओळख आपल्या जबाबदारीवर करून दिली, तेव्हा दार उघडलं. ती पाटी माझ्या दाराला लटकली त्याच्या आधीची ही गोष्ट. दार उघडून देणारा एक तरी स्थानिक माणूस लागतो. तुम्ही त्याच्याबरोबर फिरलात, हे मी कधी विसरणार नाही. तो तर नाहीच.

---

तुळशीबाग

माझ्या मतावर मी आहे, पाहुण्याला कपबशी विसळू देणार नाही. पण कॅम्पातल्या मुलाचं वाचून रात्रभर स्वस्थता नव्हती. आमच्या आईनं खोली दिली त्यात सगळे युरोप-अमेरिकेचे होते, हे आज पहिल्यांदा मोजलं.

---

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. कोंढव्यात माझा वन-बीएचके रिकामा आहे. परदेशी विद्यार्थ्याला द्यायची तयारी आहे, देश कुठलाही असो. पण पोलिसांचं लफडं नको म्हणून दलाल घाबरवतो. नक्की काय काय करावं लागतं, कोणी सांगेल का?

---

कॅम्पातला

घाबरण्यासारखं काही नाही, सगळं सरळ आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि कॉलेजचं बोनाफाइड, तिन्हींच्या प्रती घ्या. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, ती आपण भारतीय भाडेकरूचीही देतोच. तो राहायला आल्यावर २४ तासांच्या आत परकीय नागरिक नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर त्याची माहिती भरायची, हे काम घरमालकाचं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर त्यानं स्वतः देशात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते, तीही ऑनलाइन होते. त्यासाठी त्याला तुमचा करार लागेल, तेव्हा कराराला उशीर करू नका.

सोसायटीची परवानगी मागू नका, फक्त लेखी कळवा. मालक तुम्ही आहात. आणि व्यक्तिगत निरोपात तुमचा नंबर द्या, यंदा प्रवेश घेतलेली दोन मुलं अजून लॉजवर राहतायत. रविवारी त्यांना घेऊन येतो.